मागे काय आहे

साडेचारला सोनेगावची ड्यूटी लागते.
थर्मासमध्ये चहा, डब्यात काडतुसं,
खिशात शिक्क्याचा कागद, घामाने मऊ पडलेला.
धावपट्टीच्या कडेचं गवत ओलं.
मी जीपमधून उतरायच्या आधीच टिटव्या
माझ्या नावाने बोंब मारायला लागतात.

हे काम मला उईकेकाकांनी शिकवलं.
पहिल्या दिवशी बंदूक हातात दिलीच नाही.
बॉनेटवर बसवलं, म्हणाले,
"पाखराकडं मंग पाय.
आधी त्याच्या मांगं काय हाय, थे पाय."
मी पाहिलं.
घारीमागे शाळेचं पत्र्याचं छप्पर.
पारव्यांमागे, कुंपणापलीकडे,
हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या,
एकीत वाळत घातलेलं हिरवं लुगडं.
बगळ्यामागे काहीच नव्हतं. नुसतं आभाळ.
"आभाळ म्हंजे काहीच नाही, असं समजू नको,"
काका म्हणाले, "छर्रा खाली येतेच."

बारावीच्या पेपरांच्या दिवसांत अकरा ते दोन
मी फटाका फोडत नाही, थाळी बडवत नाही,
दोन्ही हात हलवत येड्यासारखा गवतातून पळतो
आणि बगळे उडतात,
बहुतेक कीव येऊन.

मेलेलं पाखरू पोत्यात.
एकदा घाईत पोत्याचं तोंड नीट बांधलं नाही.
शाळेच्या फाटकाशी एका पोरीने विचारलं,
काका, झोपलं का ते?
हो म्हणालो.
ती म्हणाली, खोटं.
तेव्हापासून मी नाल्याकडून जातो,
अर्धा किलोमीटर जास्त पडतं.

दिवाळीनंतर हॉस्पिटलातून चिठ्ठी आली.
बेड नंबर एकोणीस
आवाज झाला की सलाईन उपटून टाकते.
म्हणून आता आधी फोन:
सिस्टर, दोन बार होतील.
तिकडे सिस्टर जॉयसी जाऊन एकोणीसचा हात धरते,
इकडे मी साठपर्यंत मोजतो.
पन्नाशीत आलो की टॉवरवरून वॉकीटॉकीत विचारणा होते,
नेवारे, मुहूर्त पाहताय का?

आणि हा ससा.
आठ दिवसांपासून पहाटे पाचला येतो
आणि बरोबर तिसऱ्या मजल्याच्या रेषेत बसतो.
डावीकडे पंधरा पावलांवर मुरुमाचा ढिगारा आहे.
तिथे बसला असता तर मागे मुरूम,
दुसरं काही नाही.
पण नाही. उईकेकाकांचा धडा
माझ्यापेक्षा त्याने मन लावून गिरवलाय.
मी डावीकडे सरकलो की तोही सरकतो,
कान तेवढे हलवतो,
पाठीमागे खिडक्या, खिडक्यांत पिवळे दिवे,
एक बाई कुणाला तरी पाणी पाजतेय.
बंदुकीच्या माशीवर आधी ससा येतो,
मग तो पेला.

आज बूट काढून फेकला.
लागला नाही, लागायला नकोच होता.
ससा उठला, सावकाश गेला
आणि मुरुमाच्या ढिगाऱ्यापुढे जाऊन बसला.
मागे मुरूम. वर उजाडतंय.
फोन लावला. सिस्टर, एकच बार.
ती कुजबुजली, थांबा हो,
रात्रभर कण्हत होती, आत्ता कुठे डोळा लागलाय.
किती वेळ थांबू?
ते मी कसं सांगू, म्हणाली.

खापरीच्या बाजूला विमानाचे दिवे दिसायला लागले होते.
बंदूक मोडली, काडतूस काढून खिशात टाकलं
आणि धावलो,
एक पाय बुटात, एक मोज्यात,
हात पसरून, तोंडाने नुसतं हश्श हश्श.
त्याने मला पाहिलं,
मग माझ्या मागे काय आहे तेही पाहिलं असावं,
आणि नाल्याकडे गेला.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
ससा एक, हाकलला. काडतुसं शून्य. सही, शालिक नेवारे.
तेवढ्यात टॉवरवरून,
नेवारे, पट्टीच्या कडेला काहीतरी पडलंय,
हलत नाहीये, कोणतं जनावर आहे?
बूट आहे साहेब, म्हणालो.
माझाच.