सरपण

विल्नेर महिन्यातून एकदा कातळ चढतो.
पाठीला पिशवी, पिशवीत दोरी, वही,
आईनं केळीच्या पानात बांधून दिलेला भाजका नीरफणस.
खाली माहे बेटाचा किनारा, हॉटेलांची लाल कौलं,
आणि वर, काळ्या ग्रॅनाइटच्या भेगेत
मुळं रुतवून उभं
चौदा नंबरचं झाड.

डोळ्यांत भरावं असं त्यात काही नाही.
फूल कणीएवढं, पांढरं.
पण फळ वाळलं की शिवणीशिवणीनं उसवतं,
काड्यांची छोटी छत्री होते,
आणि बी वाऱ्यावर सोडून
लटकत राहते रिकामी,
ओहोटीला वाळूत विसरलेल्या जेलीफिशसारखी.

साऱ्या पृथ्वीवर एवढ्या एका बेटावर.
वहीत मात्र तो लिहितो:
चौदा – आहे.
पंधरा – आहे.
सोळा – खोड पोकळ, पण आहे.
खाली रोप एकही नाही.
हे शेवटचं वाक्य तो हल्ली
चढायच्या आधीच लिहून ठेवतो.

घरी फ्लोरिन, त्याची आई, मिरच्या निवडत असते.
लहानपणी याच उतारावर तिनं दालचिनीची साल सोलली,
पोत्यामागे पैसे, बोटं महिनाभर गोड वासाची.
"तुम्ही काय म्हणायचात गं याला?"
ती चष्मा वर सरकवून फोटो बघते, बराच वेळ.
"नाव? लाकूड म्हणायचो."
मग देठ खुडत,
"चांगलं जळायचं. धूर कमी."
जरा थांबून,
"हेच होतं की दुसरं, कुणास ठाऊक.
जंगल सरतं, हे सांगितलं होतं कुणी आम्हाला?
आम्ही सात भावंडं. चूल एक."

विल्नेर गप्प.
वहीत याला रकाना नाही.

पुढच्या खेपेला तो वाऱ्यानं पडलेलं एक बोंड
काडेपेटीत घालून आणतो.
नियमात बसत नाही हे.
ती ते तळहातावर घेते, श्वास धरून,
आणि एकदम हसते:
"अरे, या तर टोप्या!
काडीच्या बाहुल्यांना घालायचो आम्ही."

हसू ओसरायला वेळ लागतो.
'कुणास ठाऊक' असं आता ती म्हणत नाही.

बोंडाच्या तळाशी दोन-तीन बिया अडकलेल्या.
दुधाच्या रिकाम्या डब्यात माती,
रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी.
सरकारी रोपवाटिकेत काचेखाली, ओलावा मोजून मोजून
चार रोपं कशीबशी तगतात;
इथे तर ओसरी, कोंबड्या, खारा वारा.

अकराव्या आठवड्यात डब्यात हिरवं काही डोकावतं.
विल्नेर बूट न काढताच उकिडवा बसतो,
नखानं माती सारतो.
मिरची.

"उपटू नकोस," फ्लोरिन म्हणते.
"तिच्या सावलीला कदाचित..."
आणि वाक्य तिथेच ठेवून
गॅस पेटवायला आत जाते.