मानेवरची खूण

नोव्हेंबर. स्वेनबोर्गच्या बंदरावर चारलाच दिवे.
ग्रंथालयाच्या माळ्यावर आम्ही पाच जण
आणि हीटरवर वाळत पडलेले हातमोजे.

अवरालाचा फॉर्म माझ्यापुढे.
वय : अठ्ठावन्न, अंदाजे.
शाळेत गेलेली वर्षं : ०.

सहा आठवडे आम्ही 'सोल'पाशी अडलोय.
स्. ओ. ल्.
तिन्ही आवाज ती नीट काढते,
पण ते एकमेकांशी बोलत नाहीत,
दवाखान्यातल्या बाकावर बसल्यासारखे.
जोड, मी म्हणते, बोट सरकव, थांबू नकोस.
ती चित्रातल्या सूर्याकडे बघून सांगते : "ऊन."
चूक म्हणवत नाही. पण हे वाचणं नव्हे.
मी तळव्याने चित्र झाकते
आणि ती हसते,
पत्त्यांत लबाडी करताना सापडल्यासारखी.

आज नवं अक्षर :
एक गोल, त्यातून आरपार तिरकी रेघ.
"खोडलेलं शून्य," तेस्फाय म्हणतो.
ओठ 'ओ'चे ठेवा, जीभ 'ए'ची.
छोटा आरसा हातोहात फिरतो,
जो तो आपल्याच तोंडाला बिचकतो.

अवराला आरसा घेत नाही.
अक्षरावर बोट ठेवून
मोडक्या डॅनिशमध्ये एकेक शब्द खाली ठेवते :
मामा. उंट. मान. विस्तव.
मग उठून माझ्या हातातला खडू घेते.
दोन उभ्या रेघा, हे एक घराणं.
आकडा, ते विहिरीपलीकडचे.
आकड्यापाशी ठिपका : भांडणानंतर भरपाईत आलेला.
तीनशे माना.
"रात्रीसुद्धा," ती म्हणते, आणि फळ्यावर
डोळे मिटून बोट फिरवते.

एकवीस वर्षं मी हेच शिकवते :
बोट ठेवा, बोट सरकवा.

"हा इथे कुणाचा?" ती विचारते.
मी सांगते, हे एकच अक्षर आख्खा शब्द आहे.
बेट.
"जोडायचं नाही?"
नाही.
"एकटंच?"
एकटंच.
तिने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

सुटल्यावर धक्क्यावर वारा इतका
की रुमालाची टोकं दातात धरावी लागली तिला.
वेळापत्रकाच्या काचेआड बेटांची नावं ओळीने,
प्रत्येकाच्या शेपटाला तेच अक्षर.
ती मोजत खाली गेली, पुन्हा वर आली.
"एकाच मालकाचा कळप," म्हणाली.

मग बोट काचेवरून मागे नेलं,
पहिल्या नावाच्या सुरुवातीला.
स्...
फेरीचा भोंगा झाला.
आम्ही दोघीही हललो नाही.