पडद्याच्या पाठीमागून

बेळगावहून घाट उतरून डबे यायचे
सर्व्हिस मोटारीच्या टपावर,
कोंबड्यांच्या खुराड्याला खेटून.
वेंगुर्ल्याच्या कॅम्पात आमचा तंबू.
पुढून चार आणे, पाठीमागून एक.
पाठीमागून म्हणजे पडद्याच्या पाठीमागून.
तिथूनही सगळं दिसायचं,
फक्त उजव्याचं डावं.

मी मशीनवाल्या सुलेमानचाचांचा हरकाम्या.
कार्बनच्या कांड्या जुळवायच्या, तुटलेली पट्टी चिकटवायची,
आणि चाचांची बिडी
तंबूपासून वीस पावलांवर पेटवायची.

त्या आठवड्यात ती आली.
नाव इंग्रजीत होतं, कुणी वाचलंच नाही.
झगा अबोलीच्या रंगाचा,
आणि बोलता बोलता गाऊ लागायची
जणू बोलणं म्हणजे गाण्याआधीचं खाकरणं.
टपाल आलं तरी गाणं.
टोपी उडाली तरी गाणं.
बंदरावरून वारा सुटला की पडदा फुगायचा,
तिचं पोट फुगायचं,
गाबतिणी खिदळायच्या, "गरवार आसा गो ती!"
ती तशीच, भरल्या पोटी,
नाचत राहायची.
रागवायची नाही.

मग जिना यायचा.
ती सगळ्यात वर, हात कठड्यावर.
पाऊल उचलायची,
आणि थेट खाली, त्याच्या मिठीत!
मधली पट्टी कुठल्याशा गावात जळाली होती.
तंबूभर शिट्ट्या, शिव्या,
"मधला खंय गेला रे?"
चाचा मान खाली घालायचे,
जणू त्यांनीच खाल्लं.

लवू मेस्त्री एका आण्याचा गिऱ्हाईक.
दिवसा होड्यांच्या फटींत कापूस ठोकायचा,
जत्रांच्या दिवसांत दशावतारात राणी व्हायचा.
सातही रात्री पाठीमागे वाळूत बसला.
शिट्टी नाही, हसणं नाही,
गुडघ्यावर बोटं तेवढी चालायची,
उतरल्यासारखी.

मार्गशीर्षात, देवळासमोर, रात्री अडीचचा सुमार.
रंगमंचावर एक बाकडं.
तेच सिंहासन, तेच अरण्य,
मरायचं असलं तर तेही त्याच्यावरच.
गॅसबत्तीभोवती पाखरं.
राणी बाकड्यावर चढली.
तळव्यांना डांबर होतं, मला दिसलं.
मृदंगवाला थांबला, हे ठरलेलं नव्हतं.
आणि लवू उतरू लागला.

दीड हात उंचीचं बाकडं.
त्यावरून उतरायला त्याने इतका वेळ घेतला
की पेटीवाला सूर धरून धरून घामाघूम झाला.
पायऱ्या होत्या तिथे. मी मोजल्या, अकरा.
पाचवीवर तिला कुणीतरी आठवलं.
आठवीवर पदर कठड्यात अडकला,
नसलेल्या कठड्यात,
आणि तिने तो न बघता सोडवला.
खाली येऊन डावीकडे गिरकी घेतली.
कासोटा घातलेलं लुगडं ते,
त्याला घेर कुठला येणार?
आला.

काळोखातून कुणीतरी ओरडलं,
"गावला रे! मधला गावला!"

लवूला जाऊन पुष्कळ वर्षं झाली.
तंबूच्या जागी आता काय आहे
ते मी बघायला जात नाही.

परवा सलूनात, अर्धी दाढी फेसात,
गुंडूच्या नातवाने मोबाईलवर ती शोधून दिली.
अख्खी. न जळलेली.
वाऱ्याने न फुगणारी.
जिना आला.
सहा पायऱ्या. भराभर उतरली, हसत,
सुंदरच उतरली, खोटं कशाला बोलू.
आणि खाली येऊन
वळली उजवीकडे.

"चुकली," मी म्हटलं.
पोरगा वस्तरा हातात धरून हसायला लागला.
गालावरचा फेस सुकत होता.
"परत लाव," म्हटलं,
"आणि तो फोन जरा
आरशासमोर धर."