दहा बाय दहा

चार खुंट्या, सुतळी, दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन.
एक खुंटी दर वेळी मुरमात वाकते.
गोरेगावच्या मागचा डोंगर, भाद्रपदातलं ऊन.
खाली शूटिंगवाला भोंग्यातून ओरडतोय, "शांतता!"
आणि रातकिडे ऐकत नाहीत.

माझ्या तक्त्यात दोन रकाने: मूळचे, आलेले.
फुली मारायची, पुढे सरकायचं.

तेरडा, मूळचा.
कुडा, जोडीनं लोंबणाऱ्या शेंगांचा, मूळचा.
दिंडा. कवला. (हा शिजवून खातात, बारकूबाई सांगतात,
आणि तक्त्यात त्याला जागा नाही.)
मग घाणेरी. रानमोडी. सुबाभूळ.
गिरिपुष्प, ज्याला बारकूबाई वरठा
नुसतं उंदीरमारी म्हणतात आणि थुंकतात.

दुपारी भाकर सोडली. हिरव्या मिरचीचा ठेचा.
मी शहाणपणा केला: ही मिरचीसुद्धा बाहेरची,
समुद्रापलीकडून गलबतातून आलेली.
त्या चावत राहिल्या.
"किती वरसं झाली?"
चारशेच्या वर.
"मग हिची फुली कुठं?"
मी पाणी प्यालो. तिखट होतंच.

जेवण झाल्यावर त्यांनी कोयता घेतला
आणि घाणेरीचं जाळं बुडापासून छाटायला लागल्या.
अहो, फुलपाखरं बसलीत.
"बसू दे. उठतील."
उठली.
खाली अंधारात कारवीचं रोप, वीतभर, पांढुरकं,
अळीसारखं वाकलेलं.
फुलायला अजून सहा-सात पावसाळे.
मी तेव्हा पेन्शनीत.
बारकूबाईंनी त्याच्याभोवतीची माती बोटांनी दाबली,
जशी पोराच्या डोक्यावरची टोपी दाबतात.

कोपऱ्यात एक उरलं. तीन पानं, खालून जांभळी.
पुस्तकात नाही. बारकूबाईंनी चुरगाळून वास घेतला,
जिभेला लावलं, मान हलवली.
"मागल्या साली नव्हतं हे."
दोन्ही रकाने कोरे ठेवले.
एक पान वर्तमानपत्रात, शेअर बाजाराच्या पानावर.

रात्री चारकोपला, तिसऱ्या मजल्यावर,
पायमोजे काढले तर आघाड्याच्या बिया,
उलट्या काट्यांनी घट्ट बसलेल्या, वीसेक तरी.
सुनंदा म्हणाली, "हे कुठून आणलंस घरात?"
बाकीच्या केरात टाकल्या.
दोन तिच्या कोरफडीच्या कुंडीत दाबल्या,
ती भांडी घासत होती तोवर.