सरस-निरस

भोसरी, जे ब्लॉक, गुगळे व्हॉल्व्हज, दुसरा मजला.
रविवार उलटून गेलेला, रात्रीचे पावणेदोन.
सर्व्हर रूमचा एसी सोळावर
आणि दारात लांडगेमामा, वॉचमन,
स्वतःची कानटोपी माझ्यापुढे धरून:
"घाला मॅडम, इथं कानातून थंडी शिरते."
मग रॅककडे बघत, हळूच,
"हेच का ते कापायचं?"

कापायचं नाही, मामा.
आतल्या आत वेगळं करायचं.
एकच स्विच, चौघांनी उचलून वर आणलेला.
नेमीचंदशेठ आणि अभयशेठनी मिळून घेतला
तेव्हा खात्यात पेढे वाटले होते म्हणे.
आता त्याचे दोन करून हवेत, आठच्या पाळीआधी.
दुसरा घ्यायला पैसे आहेत दोघांकडे,
कोणी द्यायचे ते ठरत नाही.

माझे वडील मुळशी तालुक्यात भूकरमापक होते.
खांद्यावर साखळी, खिशात बडीशेप.
वाटपाच्या कागदावर त्यांच्या तिरक्या अक्षरात यायचं:
सरस-निरस मानाने.
म्हणजे काळ्यातलं थोडं यालाही,
खडकातलं थोडं त्यालाही.

पण पोर्ट एकेकटा निघत नाही.
एका चिपवर चार जन्मलेले,
एक दिला की चारही जातात.
नेमीचंदशेठच्या केबिनची वायर हलवली
की तिच्यामागून अभयशेठची टेस्टिंग लॅब निघाली.
चार वेळा कागद खोडला.
पाचव्यांदा मामा चहा घेऊन आले,
त्यांना वाटलं माझं कुणाशी भांडण चाललंय.

मग कमांड दिली.
ज्या पोर्टला नवा मालक मिळतो
तो सगळं विसरतो: नाव, पत्ता,
कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातूनच परत.
स्क्रीन आधी इशारा देतो, विचारतो,
होय की नाही.
होय म्हटलं. माझं काय जातंय.

तीन दहा. दोन झाले.
वेगळे पासवर्ड, वेगळ्या नोंदी.
एकात उभं राहिलं की दुसरा असल्याचंच कळत नाही.
एक कोसळला तरी दुसऱ्याची झोप मोडणार नाही.
पंखे मात्र तेच.
वीज तीच.
गरम हवा एकाच पाठीतून बाहेर.
रिपोर्टात यासाठी रकाना नव्हता,
मी खाली पेनानं लिहिलं: सामाईक.

अडलं ते हजेरीच्या मशीनवर.
फाटकात एकच. दोघांचे कामगार तिथेच अंगठा लावणार
आणि मशीन आलं अभयशेठच्या हिश्श्यात.
त्याच पत्र्यात, चार बोटांवर असूनही
यातून त्यात जायला आतून वाट नसते.
बाहेरून वायर टाकावी लागते,
याच्या पोर्टातून निघून त्याच्या पोर्टात.

बॅगेत एक पिवळी केबल होती, वीतभर.
कशालाच पुरत नाही म्हणून
वर्षभर नुसती फिरवत होते.

नेमीचंदशेठना फोन लावला. एक वायर जोडावी लागेल.
पहिल्याच रिंगला उचललेला. गप्प.
"त्याला विचारलं का?"
अभयशेठना लावला. तेही जागेच.
"दादा काय म्हणाला?"

वडील सांगायचे,
बांधावर उभं राहून मोजणीवाल्यानं बोलायचं नसतं.
दगड रोवायचा, सह्या घ्यायच्या, एसटी गाठायची.
मी दोघांनाही सांगितलं,
"हो म्हणाले."

केबल बसली, टक्.
दोन्ही टोकांना हिरवं, पण एकदम नाही,
आधी एक, मग जरा वेळानं दुसरं.
मामांनी विचारलं, "झाले वेगळे?"
मी म्हटलं, "झाले,"
आणि लॅपटॉप बंद केला.

नाशिक फाट्याच्या पुलावर गार वारा लागेना
तेव्हा हात कानाला गेला.
टोपी मामांची, माझ्याच डोक्यावर.