निळं दिसलं की थांबवायचं

रजा मिळाली चार दिवसांची.
रहिमतपूरला उतरले,
माझी पिशवी कुणीच उघडली नाही.
सवयीनं हात दोन्ही बाजूंना पसरून उभी राहिले क्षणभर.
चहावाला म्हणाला, "ताई, काय हरवलं का?"

नऊ वर्षं मी पडद्यावर बघते
लोकांच्या पिशव्या आतून.
चपात्या नारिंगी दिसतात, लाडू नारिंगी.
लोखंड निळं.
निळं दिसलं की पट्टा थांबवायचा.

झेंडू आणायला निघाले तर
दशरथच्या सलूनपुढच्या बाकड्यानं अडवलं.
पात्यांचा नियम आणखी कडक होणार म्हणे,
टीव्हीवर दोन दिवस भांडण चाललेलं.
"आल्या बघा सरकार!
नेलकटरनं कधी विमान पडलंय का, सांग."

दशरथ गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत म्हणाला,
"दिवसाला चाळीस गळे
माझ्या वस्तऱ्याखाली मान टाकतात.
घोरतात काही.
त्यांना माझं नाव माहीत असतं, बास."

"म्हणूनच की!" सर्जेराव सुभेदार उसळले.
"विमानात कुणाला कुणाचं नाव माहीत असतं?
दोनशे माणसं, एक पत्र्याचा डबा.
वाटेत म्हणशील उतरतो,
तर उतरशील कुठं, खंबाटकीत?"

प्रणाली वह्या छातीशी धरून उभी होती,
साताऱ्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला.
"कायदा वस्तूच बघतो, मान्य, आंधळा आहे.
पण माणूस बघायला लागला ना,
तर आधी आडनाव बघेल."

बाकडं गप्प.
कारण रहिमान शिकलगार तिथंच
सायकल स्टँडला लावून पायडल मारत होते,
आणि ठिणग्या त्यांच्या पायजम्यावर विझत होत्या.

बऱ्याच वेळानं, मान वर न करता, म्हणाले,
"उन्हाळ्यात एक पोरगं कोयता घेऊन आलं.
उसाचा हंगाम केव्हाच संपलेला.
मी धार लावून दिली.
विचारलं नाही."

पुढं काय झालं, तेही कुणी विचारलं नाही.
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी म्हणाले, झेंडू महागलाय का हो यंदा?

श्रावणातली गोष्ट.
नऊवारी, पहिलंच विमान,
लेकीच्या बाळंतपणाला निघालेली.
चंचीत अडकित्ता, पितळी, मुठीला मोराची मान.
"शेणोलीची हाय मी," म्हणाली, जणू तेवढ्यानं भागणार होतं.
"सासूचा हाय गं. ऱ्हाऊ दे."
रांग मागून ढकलत होती.
मी पेटीत टाकला.
रजिस्टरात लिहिलं: धारदार वस्तू, नग एक.
बाई भांडली नाही.
उरलेली सुपारी मुठीत धरून
पुढच्या दाराकडे गेली.

खंडेनवमीला आईनं पाटावर मांडलं
विळी, खुरपं, आल्याच्या रानातली कुदळ,
दादाचे तीन पाने, तेलकट.
प्रत्येकाला बोट बोट कुंकू.
"तुझं काय ठेवायचं?"

माझं यंत्र सरकारचं.
शिट्टीसुद्धा.

मी पिशवीत हात घातला, पार तळाशी,
टॉवेलच्या घडीत.
असं करायचं नसतं. नोकरी जाते यात.
ज्या पोरीला मी हे शिकवलं तिचा चेहरा आठवला.

मोराची मान पाटावर ठेवली.
"कुणाचा?" आईनं विचारलं, कुंकू लावता लावता.
"शेणोलीच्या बाईचा."
"नाव?"
नाव तिकिटावर होतं. वाचलं होतं मी,
चेहऱ्याशी ताडूनही बघितलं होतं.
आठवत नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी
शेणोलीच्या गाडीला अजून वेळ होता.
रहिमानचाचांनी अडकित्ता हातात घेतला,
पात्यावरून अंगठा फिरवला, आडवा,
आणि हसले.
"ह्याला धार कुठाय?
नुसत्या मनगटाच्या जोरावर फोडत आली बाई इतकी वर्षं."

सायकल स्टँडला लावली.
एक पाय पायडलवर, चाक अजून थांबलेलं.

"लावून देऊ का?" त्यांनी विचारलं,
आणि माझ्याकडे बघत राहिले.