नोंद

पाइन ब्लफला शाळेमागच्या रिंगला जाळी नव्हती.
बॉल आतून गेला की बाहेरून, यावरून रोज भांडणं.
सगळ्यांत बुटकी मी, म्हणून निवाडा माझ्याकडे.
गार्ड मी तिथेच झाले बहुधा:
नेम धरण्याआधी साक्ष द्यायला शिकले.

ड्राफ्टमध्ये तिसरी फेरी, शेवटून चौथं नाव.
वाचणाऱ्यानं ‘प्रुइट’चा उच्चार चुकवला.
बाबांनी टीव्हीकडे बघत तो दुरुस्त केला,
मोठ्यानं, दोनदा,
जसा काही तो ऐकणारच होता.

अकरा दिवस टिकले.
बाराव्या सकाळी दारावर टकटक,
एक हसरी बाई: लडॉना, प्लेबुक परत दे.
बूट राहू दिले माझ्याकडे.

त्याच बुटांवर पोलंड.
गोझुफ. हे नाव जिभेवर बसायलाच एक सीझन गेला.
दुपारी साडेतीनला अंधार,
चौथ्या मजल्यावरची खोली,
नुसताच आवाज करणारा हीटर.
शेजारची हालिना दाराशी आंबवलेल्या कोबीची बरणी ठेवायची
आणि एक शब्द न बोलता जायची.

टीममध्ये डोब्रोस्वावा, सहा फूट पाच.
हातात दिलेलं हातात राहायचं नाही तिच्या.
मी दोघींच्या काखेखालून बॉल काढून
तिच्या तळव्यावर ठेवल्यासारखा द्यायचे,
ती तो रिंगच्या खालून बाहेर घालवायची
आणि माझ्याकडे असं बघायची
की रागावताही येऊ नये.

पासचं हे असं असतं.
तिनं घातला तर माझ्या नावावर एक,
चुकवला तर काही नाही.
बॉल तोच, हेरलेली फट तीच,
पण दिलेलं दिलं ठरतं
घेणारीनं त्याचं सोनं केलं तरच.
हा नियम कुणी केला ठाऊक नाही,
त्याला धाकटी भावंडं नसावीत.

मग मेर्सिन. ऊन होतं, पगार नव्हता.
मॅनेजर म्हणायचा, सोमवारी.
मी तिथे सतरा सोमवार खेळले.

मग शोप्रोन, आणि गुडघा.
कुणी धक्का दिला नाही. मी वळले,
आणि अर्धीच वळले.
हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी
दारात वाकून आत आली डोब्रोस्वावा,
सात तास गाडी हाकत, पिशवीत सूपचा डबा.
खाटेपर्यंत येईतो निम्मं सूप फरशीवर.

नऊ महिने. पोहण्याच्या तलावात
सत्तरीच्या बायकांच्या रांगेत पाय हलवले,
त्या माझ्यापेक्षा वेगानं.

बत्तिसाव्या वर्षी परत गोझुफ,
यावेळी बाकावर. शेवटची चार मिनिटं,
जिंकलेल्या नाहीतर हरलेल्या मॅचची.
स्कोअरच्या टेबलावर अजूनही काझिमिएरा,
भूमितीच्या निवृत्त बाई, पेन्सिलीला टोक काढत.
निरोपाच्या दिवशी तिनं जुनी वही उघडून दाखवली.
माझ्या नावापुढे समासात बारीक ठिपके, पानोपानी.
माझा घसा दाटला.
म्हटलं, वाया गेलेले पास?
ती म्हणाली, छे. टोक बोथट झालंय का ते बघायचे,
तू बॉल पुढे आणायला फार वेळ लावायचीस.

आता छापलेलं पान उरेल ते एवढं:
नऊ ओळी, सात शहरं,
एका वर्षी आडवी रेघ.
रेघेत सूप नाही.

बॅग भरताना शेवटचा बॉल मावेना.
सुई घालून हवा सोडली,
सूंऽऽ करत बराच वेळ निघत राहिली.
हालिना दारात उभी, हातात बरणी.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलली:
पंक्चर?
मी हो म्हटलं.
समजावत बसण्याइतकं पोलिश
मला अजूनही येत नाही.